समुद्र दुपारी नव्हता

८ मार्च, रवि., चौसाळा

सौ. आज पुन्हा दारातल्या मोटारसायकलवर आपटली. नडगीला खोक. मी हळद दाबत होतो तर माझ्यावरच खेकसली, "गाडी कावून हितं लावली?" गाडी वर्षानुवर्षं तिथंच लागते. 

बीडच्या डॉ.नी सांगून झालंय. डोळ्याचा पडदा सुकतोय, मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मंगळवारची रात्रीची ट्रॅव्हल्स पक्की केली. बुधवारी सकाळी दाखवायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. मार्चमध्ये दुकान जास्त दिवस बंद ठेवता येत नाही. बोअर तळाला गेलेत, रोज कुणीतरी मोटार अजून खाली सोडायला पाइप मागत येतं.

शेजारची कुसुम भिंतीवरून म्हणाली, "वैनी, मुंबईला चालल्या तर समुंदर बगून या." सौ. नुसती हसली. मग जेवताना, ताटात बघत, "खरंच बगू का वो? कपिलधारच्या धबधब्यापल्याड मी पाणीच बगितलं न्हाई."

बघू, म्हणालो.

१० मार्च, मंगळ.

धपाटे, शेंगाची चटणी, तिची फाईल. सगळं तिनं दिवस मावळायच्या आत भरून ठेवलं. दिवेलागणीनंतर तिला काही दिसत नाही हे गल्लीत कुणाला माहीत नाही. बायका संध्याकाळी भजनाला बोलवायला आल्या की डोकं दुखतंय म्हणून सांगते. गल्लीला वाटतं मन्मथआप्पाची बायको डोकेदुखीची आहे. वाटू दे.

११ मार्च, बुध., वर्सोवा. दुपार

बाकावर बसून लिहितोय. सौ. शेजारी, चपला काढून. एका चपलेला काळा चिखल.

डॉ. बाई तरुण होती. मशिनी लावल्या, थेंब घातले, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर येता का. सौ. म्हणाली, "डोळे माजे हायत. मला सांगा."

इलाज नाही. पडदा कडेनं सुकत आत चाललाय. आत्ता दिवसा उजेडात मधलं तेवढं दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं. पाइप लहान लहान होत जाणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. काठीची सवय आत्तापासून करा, म्हणाली. एक पांढरी घडीची काठीही दिली. ती पिशवीत तळाशी आहे. वर धपाटे.

पायऱ्या उतरताना सौ. म्हणाली, "आता आलोच हाय तर समुंदर तरी दावा."

दावायला आणलं. तर समुद्रच जागेवर नाही.

१२ मार्च, गुरु., चौसाळा

काल पुढं लिहिणं झालं नाही. दुकानात बसून लिहितो. गिऱ्हाईक आलं की वही झाकतो.

रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं. उंच बिल्डिंगांच्या मधून चालत गेलो. सौ.नं माझा हात धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, चौसाळ्याच्या रस्त्यावर हात धरून आम्ही एकदाही चाललो नाही. ती मागं, मी पुढं. इथं धरला. कोण ओळखतंय. एक पोरगी आमच्याकडं बघून हसली, तिला म्हातारा-म्हातारी फिरायला निघालेत असं वाटलं असणार. मला बरं वाटलं. सकाळी तसलं ऐकूनही बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

गल्ली संपली आणि पुढं काळा चिखल, ओले खडक, दोन होड्या आडव्या पडलेल्या. पार लांब एक चकाकती रेघ. बस.

मी मोटारी-पाइपाचा धंदा करणारा माणूस. पाणी खाली गेलेलं दिसलं की माझ्या डोक्यात एकच येतं, आटलं. आमची तळी मार्चमध्ये अशीच मागं सरकतात. कडेला चिखल, मग भेगा, मधे डबकं. मी म्हणालो, "उन्हाळ्यामुळं मागं गेलाय." सौ.ला पटलं. तिलाही तळंच माहीत. भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतो, पाठही केली होती. पण पाठ केलेलं समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

"कुठं हाय?"

मी तिची हनुवटी धरून तोंड त्या रेघेकडं वळवलं. भर रस्त्यात. "ती बग, चकाकती ती."

"ऊन हाय का पाणी?"

"पाणी."

"मला तर समदं पांढरंच दिसतंय वो."

जवळ जाऊ म्हणून खाली उतरलो. चार पावलं गेलो नाही तोच तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. चप्पल आत राहिली. ती घाबरली, माझा हात असा आवळला की अजून नखं उठलेली आहेत. चप्पल उपसून काढली आणि माघारी आलो.

तिथं पोरं चेंडू खेळत होती. शहाळेवाला होता. एकालाही विचारलं नाही. चौसाळ्याचा माणूस समुद्र कुठं गेला म्हणून विचारतो, हसले असते. त्या हसण्याला भ्यालो. दुसरं काही कारण नाही.

गाडी रात्रीची. जाणार कुठं, म्हणून नुसतं चालत राहिलो. बंगल्यांच्या गल्ल्या. भिंतींवरून बोगनवेल लोंबत होती. सौ. प्रत्येक वेलीपाशी थांबायची, तोंड अगदी जवळ न्यायची. "ही राणी कलरची. ही केशरी. ही पांढरी, न्हाई, पिवळी." बाजारात पोरीला शिकवताना म्हणावं तसं म्हणत होती. मला आधी कळलं नाही. मग कळलं की ती भरून घेतेय. पुढच्या वेलीपासून मी तिच्याकडं बघणं सोडून दिलं.

एका पायरीवर टेकलो तर वॉचमन आला. "यहां नहीं बैठने का." मी म्हणालो, "बीमार है ये." सौ.नं लगेच उठून पदर झटकला. "म्या काय बिमार हाय?" पुढचा बराच रस्ता बोलली नाही. एका बाईनं कुत्र्याला स्वेटर घातला होता, मार्चच्या उन्हात. ते तिला दाखवलं तेव्हा बोलली. "त्येला कुणी इचारलं का, गार वाजतं का म्हणून?"

पुढं कोळीवाडा लागला. वास असा की सौ.नं पदर नाकाला लावला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बांबूंवर ओळीनं काहीतरी लटकवलेलं.

"ह्ये काय वाळत घातलंय?"

"मासे."

"आपल्या सांडग्यावानी?" आणि हसली. दिवसभरात एकदाच हसली, ती त्या वासात.

दारात एक कोळीण जाळं मोकळं करत बसली होती. आम्हाला बघून आतून खुर्ची आणून सौ.ला दिली. कुठून आलात, काय. सौ.नं सांगून टाकलं, समुंदर बगायला आलतो पण उन्हाळ्यानं आटलाय. ती बाई हसली नाही. ज्या हसण्याला मी दुपारभर भीत होतो ते आलंच नाही. ती म्हणाली, "आटंल कसा बाय? तवा ओहोटी होती. आता भरत आला असंल. जावा, काळोखाच्या आत जावा."

मी विचारलं, "एवढ्यात भरतो? रोज?"

"रोज. दिसातून दोनदा."

रोज दोनदा जातो आणि रोज दोनदा येतो. आमच्याकडं गेलेलं पाणी बघायला पुढचा पावसाळा लागतो, तोही लागला तर.

निघालो. त्या गल्ल्या कशा आहेत कळेना. एका बोळातून दुसऱ्या बोळात, तिसऱ्यात गेलो तर पुन्हा तेच मासे. सौ.चा गुडघा धरला. मी ओढत होतो. होय, ओढत होतो, दावणीचं जनावर ओढावं तसं. बिल्डिंगांच्या मागं ऊन तांबडं होत गेलं. "हळू चाला, मला पायाखालचं दिसंना," म्हणाली. ती म्हणाली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडालेला. मला चांगलं दिसत होतं. दुपारच्या चिखलाचा पत्ता नाही, होड्या डोलत होत्या, पाणी थेट बांधापर्यंत. तांबूस, आणि पार आभाळाला टेकलेलं. एवढं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. ज्या जागी दुपारी तिची चप्पल रुतली होती तिथं आता माणूसभर पाणी असेल.

सौ. माझ्या शेजारी उभी. डोळे उघडे.

"आला का?"

"आला."

"आवाज लई जवळ हाय." मग, "कसा हाय?"

"लई पाणी हाय."

"आन्?"

"आन्... समदीकडं पाणीच हाय."

एवढंच सुचलं. आयुष्य पाण्याच्या धंद्यात गेलं, गिऱ्हाइकासमोर तासतासभर बोलतो आणि बायकोला सांगायला मला दोन वाक्यं जमली नाहीत. तिनं वाट बघितली, मी अजून काही बोलेन म्हणून. मग म्हणाली, "बरं." बांधावर फुटलेल्या लाटेचं पाणी हातावर उडालं, ते चाटलं. "खारट हाय की."

मला रडू आलं. पुसलंही नाही. कुणाला दिसणार होतं.

सकाळी चौसाळ्याला फाट्यावर उतरलो. उतरताच तिनं माझा हात सोडला. हॉटेलापुढं माणसं बसलेली. सरळ चालत गेली आणि रसाच्या गाड्याच्या दांड्यावर आदळली. रसवाला म्हणाला, "वैनी, झोप न्हाई झाली का?" "व्हय," म्हणाली, "गाडीत झोपच न्हाई."

मी तिच्या पुढं चालत होतो. सवयीनं.

१५ मार्च, रवि.

दुकानात कुणी नव्हतं. चार इंची पाइपाचा तुकडा डोळ्याला लावून रस्ता बघितला. मग दोन इंची. मग एक. एकातून एसटी नुसती लाल दिसली, सुरू कुठं होते न् संपते कुठं कळलं नाही. मग अर्धा इंची लावला. त्यात समोरच्या टपरीवाल्याचा एक गाल आणि कान. टपरी नाही, रस्ता नाही. पाइप काढला तर दारात नांदूरघाटचं गिऱ्हाईक उभं.

"काय बगता आप्पा?"

"सरळ हाय का बगतोय."

काठी कपाटामागं उभी करून ठेवलीय. तिनं विचारलं नाही, मी दिली नाही.

संध्याकाळी घरी आलो तर कुसुम न् दोघीजणी ओट्यावर. सौ. सांगत होती, "लई पाणी. समदीकडं पाणीच." माझीच वाक्यं, शब्दाला शब्द. "आन् खारट," हे तिचं स्वतःचं. बायका म्हणाल्या, नशीबवान हाय बाई. मी आत गेलो आणि नळ सोडून हातपाय धूत बसलो, त्या जाईपर्यंत.

१९ मार्च, गुरु. पाडवा

गुढी मीच उभारली. गाठी बांधायला ती आली, पण दोरा तिच्या हाताच्या जरा बाजूला होता, हवेतच गाठ मारायला लागली. मी दोरा सरकवून तिच्या बोटांत दिला. दोघांनीही काही झालं नाही असं केलं.

मोबाइलवर भरती-ओहोटी बघायचं शिकलोय. दुकानात रोज बघतो. वर्सोव्याला आत्ता पाणी चढतंय, आत्ता उतरतंय. इथं लोक मला बोअरची पातळी विचारतात आणि माझं लक्ष चारशे किलोमीटरवरच्या पाण्याकडं. वेळ रोज पुढं सरकते हे लक्षात आलं. आणि आज दिसलं, अवस-पौर्णिमेच्या सुमाराला भरती भर दुपारी असते. ऊन डोक्यावर आणि पाणी बांधापर्यंत. दोन्ही एकाच वेळी.

आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी होती. पंचांग आमच्या देव्हाऱ्याशेजारी लटकतं. मुहूर्त बघायला घेतो, पाणी बघायला कधी घेतलं नाही.

पुढची पौर्णिमा २ एप्रिलला.

तिला सांगितलं. पुरणाचं ताट वाढत होती. म्हणाली, "मीठ कुठं ठिवलं? तुमी डबा हलीवला का?" डबा मीच हलवला होता.

२४ मार्च, मंगळ.

शुक्रवारी भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोललो, ती गप्प. समुद्राला पुन्हा जायचं. दुपारी, भर उजेडात. ट्रॅव्हल्सनं रात्री निघायचं, दुसऱ्या रात्री परत. दुकान बंद राहिलं तर राहिलं. का नाही म्हणतेस, सांग तरी.

शेवटी बोलली. "तवा दिसला न्हाई, तर म्हणता आलं अंधार व्हता. आता उनात गेले आन् न्हाई दिसला तर काय म्हणू?"

मी माझं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. 

नंतर, भांडी घासत, "तुमचा समुंदर ऱ्हाऊ द्या. मला निस्तं रोज सांगत जा, भरला का न्हाई ते."

तेव्हापासून रोज सांगतो. जेवायला आलो की ती विचारते, "भरला का?" मी म्हणतो, अजून नाही, किंवा आत्ता भरतोय. ती मान हलवते. शेतावरच्या बोअरची खबर घ्यावी तसं.

२९ मार्च, रवि.

सकाळी पूजेला तिनं समईशेजारी काडी धरली. वातीला नाही, वातीशेजारी. काडी बोटापर्यंत जळत आली. सकाळची वेळ, देव्हाऱ्यात लख्ख ऊन. मी फुंकर घातली. "वारा हाय," म्हणाली. वारा नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी तिला वात दिसत होती, हे मला नक्की आठवतंय. का आठवल्यासारखं करतोय, देव जाणे.

मला फार भीती वाटते. हे इथंच लिहिता येतं. घरी मी चिडतो.

तिला न विचारता दोन तिकिटं काढली. १ तारखेची रात्रीची गाडी, म्हणजे २ तारखेला दुपारी तिथं. पौर्णिमा. शर्टाच्या खिशात ठेवलीत. खिशाला रोज दहादा हात जातो. ती नाही म्हणाली तर फाडून टाकीन.

३१ मार्च, मंगळ.

सांगायचं राहिलं. सकाळी सांगणार होतो तर कुसुम आली. दुपारी ती झोपली होती. संध्याकाळनंतर तिला असलं काही सांगावंसं वाटत नाही. अंधारात तिचा चेहरा वेगळा असतो, कान लावून बसल्यासारखा. मी खोटं बोलतोय. धीर झाला नाही, एवढंच.

जेवताना म्हणाली, "परवा भरती कवा?"

"दुपारी. भर दुपारी."

 एरवी ती त्या दिवसाचंच विचारते, आज परवाचं विचारलं. म्हणजे तिला पौर्णिमा माहीत आहे. म्हणजे कदाचित.

१ एप्रिल, बुध.

दुपार. आत्ताच घडलं, लगेच लिहितो.

चौसाळ्याच्या दोघांना मोटारीचे पाइप दाखवत मी दुकानाच्या दाराशीच उभा होतो. डाव्या भिंतीला पाइपांचा ढीग, मी त्याला टेकून. उन्हं दारातून आत आलेली, गल्ल्यापर्यंत लख्ख उजेड.

सौ. आली. एकटी, रस्ता ओलांडून. एरवी दुकानात येत नाही. हातात फडक्यात बांधलेला डबा. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मला वाटलं, उन्हातून आलीय, डोळ्यांना सावरायला वेळ लागेल. थांबलो. ती बराच वेळ उभी होती.

मग गल्ल्यामागच्या खुर्चीकडं तोंड करून बोलायला लागली. मी रोज तिथं बसतो. खुर्ची रिकामी होती.

"धपाटे केलेत," म्हणाली. "तुमच्या खिशातली तिकिटं शर्ट धुताना हाताला लागली. जाऊ आपण. मी इचार केला. तवा अंधार व्हता. आता ऊन असंल, मला दिसंल."

हातभर अंतर. मी हात पुढं केला असता, तर तिच्या दंडाला लागला असता. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी वर्सोव्यात वेलीपाशी बघितलं होतं आणि बघवलं नव्हतं.

दोघा गिऱ्हाइकांपैकी थोरला माझ्याकडं बघायला लागला. मग खुर्चीकडं. मग पुन्हा माझ्याकडं. मी त्याला बोटानं गप्प राहायला सांगितलं.

चपला काढल्या. अनवाणी, आवाज न करता, तिच्या मागून गल्ल्याच्या पलीकडं गेलो आणि खुर्चीत बसलो. खुर्ची करकरली. त्या आवाजाकडं तिनं जरा मान वळवली आणि हसली.

"कावून बोलंनात? दिसंल ना मला?"

"दिसंल," म्हणालो.

तिनं डबा गल्ल्याच्या कडेला ठेवला, हातानं कड चाचपून. बॅग भरायला घरी गेली आहे. गिऱ्हाइकं काही न घेता निघून गेली, जाताना थोरल्यानं नमस्कार केला.

मोबाइल बघितला. आत्ता तिथं पाणी चढतंय. गाडी रात्रीची आहे. कपाटामागची काठी घ्यायची का, हे अजून ठरलेलं नाही.